वाटा आणि थांबे : मुंबईतील माल, माणसे आणि विचार यांच्या हालचालीचा इतिहास (इ. स. १८५३ ते १९८२)

प्रस्तावना

मोठ्या शहराचा इतिहास सामान्यतः त्याचे राज्यकर्ते, व्यापारी घराणी आणि वास्तू यांच्या आधारे लिहिला जातो. मुंबईही त्यास अपवाद नाही. किल्ला, टाऊन हॉल, बोरीबंदरचे स्थानक, गोद्या आणि गिरण्या यांविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि शहर म्हणजे केवळ उभ्या वास्तूंचा समुच्चय नव्हे. शहरात दररोज काही येते, काही जाते, काही एका भागातून दुसऱ्या भागात नेले जाते. या हालचालीमुळेच शहर जिवंत राहते आणि ती थांबली की शहराचे खरे स्वरूप उघडे पडते.

ही हालचाल त्रिविध असते. माल हलतो, माणसे हलतात आणि विचारही हलतात. अभ्यासकांनी या तिन्हींचा परामर्श बहुधा स्वतंत्रपणे घेतला आहे. मालाचा विचार आर्थिक इतिहासात, स्थलांतराचा समाजशास्त्रात आणि विचारांचा राजकीय चळवळींच्या इतिहासात होतो. या विभागणीमुळे तिन्ही प्रवाहांतील परस्परसंबंध दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात १८५३ ते १९८२ या कालखंडातील मुंबईच्या संदर्भात हा संबंध तपासला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, मुंबईतील प्रमुख वाटा प्रथम मालासाठी बांधल्या गेल्या. माणसे त्या वाटांवर नंतर आली आणि पुष्कळदा स्वतःच काढलेल्या वाटांनी आली. विचार मात्र माणसे जेथे थांबली, म्हणजे चाळ, खानावळ, गावकीची खोली, नाका आणि मैदान येथे रुजले. या विचारांचे सामर्थ्य अखेरीस मालाची हालचाल थांबवण्याच्या क्षमतेतून प्रकट झाले.

१. बेटांची जोडणी

१६६१ च्या विवाह करारान्वये पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलेली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस मिळालेली मुंबई ही सलग भूमी नव्हती. भरतीच्या वेळी बेटांमधील सखल भागात समुद्राचे पाणी शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळची खिंड बांध घालून बंद करण्यात आली आणि आतील जमीन वस्तीस व लागवडीस मोकळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सायनचा बांधरस्ता, १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधरस्ता पूर्ण झाला. माहीमच्या कामासाठी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्यापूर्वी माहीम आणि वांद्रे यांमधील खाडी होडीने ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात तो प्रवास जिवावर बेतणारा असे.

देशाकडची वाट याहून बिकट होती. घाटमाथ्यावरील माल लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून खाली येई. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा पुणे आणि पनवेल यांमध्ये चाकांची वाहतूक शक्य झाली. तरीही पनवेलहून मुंबईस माल येण्यासाठी पडावांचाच आधार घ्यावा लागत होता.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हे शहर मोठ्या स्थित्यंतराच्या उंबरठ्यावर होते. त्याच दशकात किल्ल्याचा तट पाडण्यात आला. संरक्षणासाठी उभारलेली भिंत आता व्यापाराला आणि रहदारीला अडथळा ठरू लागली होती, हे या घटनेतून सूचित होते.

२. कापसाची वाट

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर चौदा डब्यांची आगगाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन धावली. या घटनेचे वर्णन बहुधा प्रवासी वाहतुकीचा प्रारंभ म्हणून केले जाते. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या स्थापनेमागे लँकेशायरच्या गिरणीमालकांची वऱ्हाड व खानदेशातील कापसाची गरज हे एक महत्त्वाचे कारण होते. सरकारने भागधारकांस पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. म्हणजे धोका हिंदुस्थानच्या तिजोरीचा आणि निश्चित लाभ विलायतेतील भांडवलाचा अशी ही रचना होती.

मार्गाची दिशा पाहिली असता हा हेतू अधिक स्पष्ट होतो. १८६३ मध्ये बोरघाटाचा आणि १८६५ मध्ये थळघाटाचा चढ लोहमार्गाने ओलांडला. १८६७ मध्ये मार्ग नागपूरला पोहोचला. बोरघाटाच्या कामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पंचवीस बोगदे खोदताना दरडी, सुरुंग आणि पटकी यांना हजारो मजूर बळी पडले. मालाच्या वाटेवर प्रथम चालली ती ही माणसे. मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्या वाटेवरून प्रवासी म्हणून जाता आले असेल.

१८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरला होणारा अमेरिकी कापसाचा पुरवठा खंडित झाला आणि मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. त्या पैशातून बँका, शेअर कंपन्या आणि समुद्र बुजविण्याच्या योजना उभ्या राहिल्या. युद्ध संपल्याची वार्ता १८६५ मध्ये येताच हा डोलारा कोसळला आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही अडचणीत सापडले. दूरच्या खंडातील एका बातमीने शहराची पत हलविली. मुंबई आता केवळ मालाचीच नव्हे तर वार्तेचीही बाजारपेठ बनली होती.

पुढील व्यवस्थाही याच दिशेने विकसित झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक अस्तित्वात आले. शहराचा पूर्व किनारा मालाच्या स्वाधीन झाला आणि सामान्य नागरिकाचा त्या बाजूच्या समुद्राशी असलेला संबंध हळूहळू तुटला.

३. माणसांची वाट

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शहरातील गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. या गिरण्यांना कापूस वऱ्हाड-खानदेशातून येत होता, तर कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरील जिल्ह्यांतून येत होते. पुढे उत्तर भारतातूनही कामगार येऊ लागले. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक ठरते. ज्या प्रदेशाने कापूस दिला त्या प्रदेशात लोहमार्ग १८६० च्या दशकातच पोहोचला. ज्या कोकणाने माणसे दिली त्या कोकणाला मुंबईशी सलग लोहमार्गाने जोडले जाण्यासाठी २६ जानेवारी १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत कोकणी कामगाराला बोलावणाऱ्या बहुतेक गिरण्या बंद पडल्या होत्या किंवा मरणपंथास लागल्या होत्या. सह्याद्रीच्या उपरांगा, नद्या आणि खाड्या ही भौगोलिक कारणे खरी आहेत. परंतु बोरघाट भेदणाऱ्या अभियांत्रिकीला कोकण अशक्य होते असे म्हणता येणार नाही. तेथून नेण्याजोगा मोठा माल नव्हता आणि माणूस हा लोहमार्ग बांधण्यास पुरेसा माल मानला गेला नव्हता, हेच त्यामागील प्रमुख कारण दिसते.

कोकणी माणसाची वाट समुद्रातून होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटी मुंबईस येत. अनेक ठिकाणी आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि प्रवाशांना पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. पावसाळ्यात लांब पल्ल्याची वाहतूक बंद पडे. त्यामुळे शिमगा आणि उन्हाळ्यातील लग्नसराई यांना गावी जाण्याचे वेळापत्रक समुद्रच ठरवीत असे. या वाटेची किंमतही मोठी होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नव्हता. कुलाबा जिल्ह्यातील अनेक गावांच्या स्मरणात हा पावसाळा दोन्ही कारणांनी राहिला.

उलट दिशेने पैसा जात होता. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डरची सोय सुरू केली आणि गिरणीतील पगाराचा काही भाग पोस्टमनच्या पिशवीतून गावच्या घरापर्यंत पोहोचू लागला. शेताचा सारा, सावकाराचे व्याज आणि मुलांचे शिक्षण त्यावर चाले. मनीऑर्डरच्या पावतीवरील चार ओळींचा मजकूर हेच अनेक कुटुंबांत पतिपत्नीमधील संपर्काचे साधन होते. शाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने पुढे या विरहाला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशी जोडले. खासगी दुःख सार्वजनिक मागणीत कसे रूपांतरित होते याचा हा नमुना आहे.

४. शहरांतर्गत हालचाल : ट्राम, लोकल, पाय आणि पाठ

शहराच्या आतील हालचालीचा इतिहास सामान्यतः ट्रामपासून सुरू होतो. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर बससेवा सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवर चालणारी पहिली आगगाडी धावली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावून ते युग संपले.

या साधनांचा लाभ कोणास झाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. लोकल गाड्यांमुळे दादर, माटुंगा, विलेपार्ले, मुलुंड अशा वसाहती वाढल्या आणि कचेरीत काम करणारा मध्यमवर्ग तेथे राहू लागला. त्याच काळात बहुसंख्य गिरणी कामगार गिरणीपासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरात राहत होते. भाडे परवडत नसे हे एक कारण होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बदली कामगाराला पहाटे गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. मुकादमाची नजर पडली तर काम मिळे. दूर राहणारा माणूस या स्पर्धेत टिकू शकत नसे. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव या भागांत चाळींची दाटी झाली ती या कारणाने.

गिरणीच्या भिंतीआडही हालचालीस मर्यादा होत्या. विणाई खात्यात धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना त्या अधिक वेतनाच्या खात्यात प्रवेश दिला जात नसे. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला जातीची सीमा ओलांडता आली, परंतु सर्वत्र नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न आग्रहाने मांडला होता.

मालाच्या शेवटच्या टप्प्याचे स्वरूप याहून वेगळे नव्हते. आगबोट, आगगाडी आणि वाफेचे यंत्र यांनी हजारो मैलांचे अंतर कमी केले. पण गोदीपासून वखारीपर्यंत आणि वखारीपासून दुकानापर्यंत माल नेत होता तो बैलगाडीवाला, हातगाडीवाला आणि माथाडी. मशीद बंदर, दाणाबंदर, मांडवी, मुळजी जेठा मार्केट येथील व्यापार माणसाच्या डोक्यावर आणि पाठीवर उभा होता. या श्रमाला कायद्याची ओळख मिळण्यास १९६९ साल उजाडावे लागले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर त्या वर्षी महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला आणि भविष्य निर्वाह निधी व नियमित वेतन या सोयी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या.

डबेवाल्यांची संस्था हे या व्यवस्थेचे आणखी एक रूप होय. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुमारे शंभर माणसांसह हे काम सुरू केल्याचे मानले जाते. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या अल्पशिक्षित माणसांनी रंग, अंक आणि अक्षरे यांच्या खुणांवर आधारित पद्धत विकसित केली. त्यांनी वापरली ती सरकारी लोहमार्गाचीच गाडी. घर दूर आणि कचेरी दूर अशी जी दरी लोकलने निर्माण केली, ती त्याच लोकलमधून नेलेल्या डब्याने भरून काढली.

५. रोगाची वाट : १८९६ चा प्लेग

हालचालीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग होता. मालाच्या वाटेवरून उंदीर आणि पिसवा शहरात शिरल्या होत्या. मात्र उंदरावरील पिसवेमुळे रोग पसरतो हे मत १८९८ मध्ये मांडले गेले आणि शास्त्रीयदृष्ट्या प्रस्थापित होण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडले. तोपर्यंत घाण, दमट घरे आणि माणसे हीच रोगाची कारणे मानली जात होती.

यामुळे सरकारी उपायांचा सारा भार माणसांवर पडला. १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रवाशांना स्थानकावर उतरवून तपासण्याचे, घरांत शिरण्याचे आणि रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेण्याचे अधिकार मिळाले. १८९६-९७ च्या हिवाळ्यात शहराची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या बाहेर पडली. गिरण्यांत कामगारांची इतकी टंचाई झाली की नाक्यानाक्यावर कामगारांसाठी मालकांमध्ये चढाओढ होऊन रोजच्या रोज मजुरी दिली जाऊ लागली. आपण निघून गेलो तर यंत्रे थांबतात, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता. मार्च १८९८ मध्ये तपासणीविरुद्ध दंगल उसळली, तेव्हा गोदी कामगार आणि गाडीवाले यांनी काम बंद ठेवले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत घटली. जनगणनेतील या उतारात मृत्यू आणि पलायन दोन्हींचा हिशेब आहे.

साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. समुद्राचा वारा शहरात खेळावा हा घोषित हेतू होता. ज्यांची घरे त्या रस्त्यांखाली गेली त्यांच्यापैकी अनेकांना शेजारच्या चाळींतच अधिक दाटीने राहावे लागले. एकाची मोकळी वाट ही दुसऱ्याची हरवलेली खोली होती.

६. विचारांचे थांबे

विचार छापील पानांवरून प्रवास करतात हे खरे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ मुंबईतच सुरू केले. परंतु निरक्षरांची संख्या मोठी असलेल्या कामगारवस्तीत विचार पोहोचण्यासाठी थांबण्याची जागा आवश्यक होती. ती पुरविली चाळीच्या सज्जाने, खानावळीने आणि गावकीच्या खोलीने. गावकीच्या खोलीत एकाच गावचे अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी, स्वयंपाक्यांनी व वादकांनी धोबीतलाव परिसरात उभारलेल्या ‘कुडां’चे स्वरूपही असेच होते. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, यामागे या वस्तीचे बळ होते. खानावळी बहुधा स्त्रिया चालवीत. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालणारी ही व्यवस्था संपकाळात त्याच्या टिकून राहण्याचा आधार ठरे. तरीही तिला इतिहासात फारसे स्थान मिळाले नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले.

या थांब्यांवर रुजलेल्या विचारांचा आलेख पुढीलप्रमाणे दिसतो. सत्यशोधक परंपरेतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्र मुंबईतून चालविले. १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. जोतीराव फुले यांचा पुण्यात मांडलेला विचार अशा प्रकारे गिरणीच्या वेळापत्रकात उतरला.

जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या आणि कापडबाजारातील व्यवहारही थांबले. १९२८ मध्ये वेतन आणि कामाच्या पद्धतीतील बदलांविरुद्ध सुमारे दीड लाख कामगारांनी जवळपास सहा महिने संप केला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन प्रबळ झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नाविक तळावर सुरू झालेले बंड चार दिवसांत बंदरातून गिरणगावात पोहोचले. कामगारांनी हरताळ पाळला आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक ठार झाले.

विचारांची वाट शहरातून बाहेरही जात होती. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला होता. त्याची अंमलबजावणी झाली ती २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर, माणसांच्या पावलांनी. ज्या वाटेने कुलाबा आणि रत्नागिरीतील माणूस मजुरीसाठी मुंबईस आला, त्याच वाटेने हक्काची जाणीव गावाकडे परतली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सर्व प्रवाह एकत्र आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी गिरणगाव आणि इतर वस्त्यांतून निघालेले मोर्चे फ्लोरा फाउंटनकडे गेले. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांचे कलापथक चाळीचाळींतून ही मागणी घेऊन फिरले. शंभराहून अधिक जणांनी प्राण गमावले. जेथे एरवी केवळ कचेऱ्यांतील बाबू आणि बँकांचे व्यवहार यांची वर्दळ असे, त्या चौकाला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले.

७. थांबलेली यंत्रे आणि बदललेली गर्दी

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. यापूर्वीच्या संपांत माल थांबला की मालक वाटाघाटीस येत. या वेळी तसे घडले नाही. यंत्रमागांवरील कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथून येऊ लागले होते आणि गिरणीच्या यंत्रापेक्षा तिच्याखालची जमीन अधिक मोलाची ठरत होती. मालाने दुसरी वाट शोधली होती. त्यामुळे माल अडवून ठेवण्याचे कामगारांचे जुने शस्त्र बोथट झाले.

पुढील दोन दशकांत घाऊक बाजारपेठा टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत गेल्या, गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि दुकानांची संकुले उभी राहिली. पायी कामावर जाणाऱ्या कामगाराची जागा दूर उपनगरांतून लोकलने येणाऱ्या कर्मचाऱ्याने घेतली. परिसराची रचना मात्र जुन्या काळाचीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. जमिनीचा वापर बदलला, परंतु तेथे येणाऱ्या माणसांच्या वाटेचा विचार झाला नाही, याची ही भीषण साक्ष होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मुंबईतील लोहमार्ग व गोद्या यांची दिशा प्रामुख्याने मालाने निश्चित केली. कापसाच्या प्रदेशाला १८६७ पर्यंत आणि श्रमिकांच्या प्रदेशाला १९९८ मध्ये मिळालेला लोहमार्ग हा त्याचा ठळक पुरावा होय.

२) आधुनिक वाहनांनी मध्यमवर्गाच्या हालचालीस गती दिली. कामगारांचे शहर दीर्घकाळ पायी चालण्याचे आणि माल पाठीवर वाहण्याचे शहर राहिले.

३) संकटकाळी सत्तेने प्रथम नियंत्रण आणले ते माणसांच्या हालचालीवर. रोग मालाच्या वाटेने आलेला असतानाही तपासणी प्रवाशाची झाली.

४) विचारांच्या प्रसारासाठी वेगापेक्षा थांब्यांची आवश्यकता अधिक होती. चाळ, खानावळ, गावकीची खोली आणि मैदान यांचा ऱ्हास हा केवळ वस्तीचा नव्हे, तर सार्वजनिक विचारविनिमयाच्या जागांचाही ऱ्हास आहे.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या आणि डबेवाल्यांचे काम थांबले. त्यानंतरच्या आठवड्यांत हजारो श्रमिक नाशिकच्या महामार्गाने पायी आपापल्या गावांकडे निघाले. ज्या घाटातून एकेकाळी लमाणांचे तांडे माल घेऊन खाली उतरले होते, त्याच दिशेने शहर घडविणारी माणसे चालत वर जात होती. मालमोटारींची जीवनावश्यक वाहतूक मात्र चालू होती. १८५३ नंतर शहराने अनेक वाटा बांधल्या. २०१४ पासून मेट्रो आणि २०२४ मध्ये सागरी सेतू व किनारी रस्ते यांची त्यांत भर पडली. या नव्या वाटांचे मूल्यमापन त्यांच्या वेगावरून होणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : या वाटेवरून चालण्याचा अधिकार कोणास आहे, आणि दिवसाच्या अखेरीस त्या माणसाला थांबण्यासाठी या शहरात जागा उरली आहे काय?